पानाचे ठिपके कोण करतो? लिनक्सवरील लेझर छपाई आणि ड्रायव्हर

लेझर प्रिंटरची छपाई बिघडली की आपल्याकडे पहिला संशय टोनरवर येतो, दुसरा ड्रमवर आणि तिसरा कागदावर. संगणकातल्या ड्रायव्हरचा, म्हणजे पान प्रिंटरला समजेल अशा रूपात पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, विचार सहसा सर्वांत शेवटी, आणि तोही प्रिंटर अजिबात चालेनासा झाला तरच, केला जातो. विंडोजवर हे बहुतेक वेळा खपून जाते, कारण तिथे प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीनेच आपल्या यंत्रासाठी बेतलेला ड्रायव्हर दिलेला असतो. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर मात्र एकाच प्रिंटरसाठी दोन-तीन ड्रायव्हर उपलब्ध असू शकतात, ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले असतात, आणि यंत्र, टोनर व कागद तेच असूनही त्यांच्यातून निघालेली पाने शेजारी ठेवली तर फरक नुसत्या डोळ्यांना जाणवतो. कोल्हापुरात राजारामपुरीत माझे डीटीपीचे काम चालते आणि दुकानातले सगळे संगणक उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर आहेत. शिवाजी विद्यापीठात सादर करायचे प्रबंध, वकिलांचे अर्ज, उद्यमनगरातल्या कारखान्यांची ड्रॉइंग आणि लग्नसराईत पत्रिकांचे नमुने असे नाना तऱ्हेचे काम येत असल्यामुळे या विषयाकडे मला बारकाईने पाहावे लागले, आणि जे समजले ते मराठीत एका ठिकाणी मांडावे असे फार दिवस मनात होते.

आधी यंत्राची मर्यादा लक्षात घेऊ. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरकडे एकच रंग असतो. कागदावरच्या एखाद्या बिंदूवर टोनर बसतो किंवा बसत नाही. फिकट टोनर अशी काही वस्तू नसते. ६०० डीपीआयचा प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके मांडतो, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा होतो. ए-फोर आकाराच्या पूर्ण पानाचा हिशेब केला तर ही संख्या ३ कोटी ४८ लाखांच्या घरात जाते. यांपैकी प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि छपाईचा दर्जा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो त्याचा मोठा भाग या ठरवण्यातच असतो. म्हणूनच हा निर्णय प्रिंटरच्या आत होतो की संगणकात, आणि संगणकात होत असेल तर कोणत्या प्रोग्रॅमकडून, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

सुरुवातीच्या काळात त्याचे उत्तर 'प्रिंटरच्या आत' असे होते. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ मध्ये आली आणि १९८५ च्या अॅपल लेझररायटरमध्ये तिचा अर्थ लावणारा स्वतंत्र संगणकच बसवलेला होता. संगणक फक्त 'या फाँटमधले हे अक्षर या जागी ठेव' एवढे सांगे आणि ठिपके प्रिंटर स्वतः तयार करी. १९८४ मध्येच आलेल्या एचपीच्या लेझरजेटने पीसीएल ही आपली भाषा लोकप्रिय केली. अशा प्रिंटरला अक्षर हे अक्षर म्हणून, रेषा ही रेषा म्हणून आणि चित्र हे चित्र म्हणून मिळते, त्यामुळे प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे वागवता येते: अक्षर शुद्ध काळे आणि धारदार, चित्र मात्र हाफटोनच्या जाळीतून, म्हणजे करड्या छटांचा भास देणाऱ्या काळ्या ठिपक्यांच्या मांडणीतून. हा भेद शाबूत राहणे किती मोलाचे आहे, ते तो पुसला गेल्यावर कळते.

प्रिंटर स्वस्त करायचे ठरल्यावर कंपन्यांनी आतला संगणक काढून टाकला. ठिपके आपल्या संगणकात तयार करायचे आणि प्रिंटरकडे तयार चित्र पाठवायचे, ही पद्धत रूढ झाली. भारतातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन्ही याच जातीचे आहेत. पहिल्यात स्मृती फक्त २ मेगाबाइट आहे, तर ए-फोर पान ६०० डीपीआयला प्रत्येक ठिपक्यासाठी एक बिट धरूनही सुमारे ४.३ मेगाबाइटचे होते. म्हणून ते चित्र जेबिग पद्धतीने दाबून पाठवले जाते. शिवाय हा प्रिंटर बंद करून सुरू केला की त्याचे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा त्याचा आतला प्रोग्रॅमही, संगणकानेच त्याच्यात भरावे लागते. कॅननची कॅप्ट ही भाषा तर खुली नाही. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण तो बंदिस्त, आणि प्रणाली पुढे सरकली की त्याची जुनी ग्रंथालये, म्हणजे तो ज्यांच्यावर अवलंबून असतो ते तयार प्रोग्रॅमचे भाग, जुळवताना दमछाक होते. या यंत्रांसाठी स्वयंसेवकांनी यंत्र आणि संगणक यांच्यातली देवघेव पाहून, उलट मार्गाने उलगडून ड्रायव्हर लिहिले: एचपीच्या अशा प्रिंटरांसाठी फू-टू-झेडजेएस, सॅमसंगसाठी स्प्लिक्स, ब्रदरसाठी बीआर-लेझर. ज्यांनी हे केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांना मिळाली ती फक्त प्रिंटरशी बोलायची भाषा. टोनर कागदावर किती पसरतो, ड्रमवर लेझरचा ठिपका किती मोठा उमटतो, कोणती जाळी त्या यंत्राला मानवते, ही कंपनीच्या प्रयोगशाळेतली माहिती त्यांना मिळाली नाही. लिनक्सवर प्रिंट निघतो, पण विंडोजइतका देखणा निघत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा इथे असते.

लिनक्सवर प्रिंटची आज्ञा दिल्यावर काय घडते, ते थोडक्यात असे. छपाईची सगळी व्यवस्था कप्स ही प्रोग्रॅमांची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिली, अॅपलने २००७ मध्ये विकत घेतली आणि आता लिनक्सच्या बाजूने ओपनप्रिंटिंग हा गट तिची देखभाल करतो. लिब्रेऑफिस किंवा ब्राउझर पानाची पीडीएफ करून कप्सकडे देतो. मग गाळण्यांची एक साखळी लागते: पहिली गाळणी पानांची मांडणी, दुहेरी छपाई, आकार वगैरे पाहते, दुसरी, बहुधा गोस्टस्क्रिप्ट किंवा पॉपलर, त्या पीडीएफचे ठिपक्यांत रूपांतर करते, म्हणजेच रास्टर तयार करते, तिसरी ते रास्टर प्रिंटरच्या भाषेत गुंडाळते. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणणारा असेल तर दुसऱ्या पायरीवर रास्टरऐवजी पोस्टस्क्रिप्ट तयार होते. बोलताना आपण या साऱ्यालाच ड्रायव्हर म्हणतो, पण दर्जा बिघडतो तेव्हा तो नेमक्या कोणत्या पायरीवर बिघडला हे शोधावे लागते.

मराठी मजकुरावर याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो. दहा पॉइंटच्या अक्षराची चौकट साडेतीन मिलिमीटर उंच असते. शिरोरेषा तिच्या पंधराव्या भागाइतकी जाड धरली तर ६०० डीपीआयवर तिच्या वाट्याला पाच-सहा ठिपके येतात आणि ३०० डीपीआयवर जेमतेम तीन. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात, त्यामुळे कडेचा एखादा ठिपका गळाला तरी वाचकाच्या लक्षात येत नाही. देवनागरीत मात्र शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना भिडायच्या असतात. रास्टर करणाऱ्या प्रोग्रॅमने पडद्यावर करतात तशा अक्षरांच्या कडा करड्या छटेने मऊ केल्या आणि मग त्या करड्या छटेचे पुन्हा काळे-पांढरे ठिपके केले, तर नेमक्या त्या सांध्यावर एखादा पांढरा बिंदू राहून जातो. पान हातभर अंतरावरून पाहिले तर मजकूर फक्त 'कमी काळा' वाटतो. गुजरीतून घेतलेले सोनारांचे दहापटीचे भिंग लावले की प्रत्येक सांध्यावरची फट दिसते. इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने प्रबंधाचे नमुना पान पाहून "दादा, वरची रेघ तुटल्यागत दिसतीया की" असे म्हटले, तेव्हा भिंगाखाली नेमके हेच दिसले. त्याचे टोनर कार्ट्रिज नवे होते. प्रिंटरची रांग, म्हणजे कप्समधली त्या प्रिंटरची नोंद, दुसऱ्या ड्रायव्हरवर वळवून तेच पान पुन्हा काढले, तेव्हा रेघ अखंड आली.

मजकुराचा दुसरा शत्रू म्हणजे न दिसणारा करडा रंग. संकेतस्थळांवरून किंवा तयार नमुन्यांवरून घेतलेल्या मजकुराचा रंग पुष्कळदा शुद्ध काळा नसून गडद करडा असतो. पडद्यावर तो डोळ्यांना सुखद वाटतो, पण लेझर प्रिंटरला करडा रंग जाळीतूनच छापावा लागतो, आणि जाळीतून छापलेल्या अक्षराची कड करवतीसारखी दातेरी होते. अनेक कंपन्यांच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये सगळा मजकूर काळा छापण्याची सोय असते, त्यामुळे तिथे हा दोष झाकला जातो. लिनक्सवर लिब्रेऑफिस रायटरच्या छपाईच्या खिडकीत मजकूर काळ्या रंगात छापण्याचा पर्याय आहे, आणि गोस्टस्क्रिप्टच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'ब्लॅकटेक्स्ट' नावाचे कळसूत्र आहे, ज्यामुळे पीडीएफमधला मजकूर मुळात कोणत्याही रंगाचा असला तरी काळाच उमटतो. बाहेरून आलेल्या पीडीएफसाठी हे दुसरे साधन फार उपयोगी पडते.

रंगीत लेझर प्रिंटरवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. रास्टर झालेल्या पानात अक्षराचे वेगळेपण उरत नाही. काळे अक्षर म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्हींचे मूल्य शून्य असलेले काही बिंदू, एवढेच प्रिंटरला कळते. ड्रायव्हरने त्यांचे भाषांतर केवळ काळ्या टोनरमध्ये न करता चारही टोनरच्या मिश्रणात केले, आणि चार ड्रमांची जुळणी केसभर जरी हलली, तरी अक्षराभोवती निळसर किंवा गुलाबी झालर दिसते. तोच प्रिंटर पोस्टस्क्रिप्टमधून चालवला तर काळा मजकूर सहसा शुद्ध काळ्या टोनरनेच येतो. म्हणून रंगीत प्रिंटर घेताना पोस्टस्क्रिप्टसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी ते मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

इथे एक खुलासा करतो. जोडाक्षरे फुटणे, वेलांटी भलत्या जागी जाणे, रफार हरवणे हे दोष ड्रायव्हरच्या माथी मारले जातात, पण अक्षरांची जुळणी हार्फबझसारख्या ग्रंथालयाकडून, छपाई सुरू होण्याच्या पुष्कळ आधी झालेली असते. पीडीएफ पडद्यावर बरोबर दिसत असेल आणि कागदावरच मात्रा गळत असतील, तर बहुधा प्रिंटरमधला पोस्टस्क्रिप्टचा अर्थ लावणारा भाग त्या फाँटवर अडखळलेला असतो. अशा वेळी गोस्टस्क्रिप्टऐवजी पॉपलरकडून पोस्टस्क्रिप्ट करवून घेतले तर प्रश्न सुटू शकतो. कप्सच्या गाळण्यांत तसा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे, आणि ब्रदर व कोनिका मिनोल्टाच्या प्रिंटरांसाठी तो आपोआपही निवडला जातो.

आता छायाचित्रांकडे वळतो, कारण ड्रायव्हरमधला फरक सर्वांत ठळक तिथेच दिसतो. वर ज्या प्रबंधाचा उल्लेख केला त्यात शिलाहारकालीन शिलालेखांची करड्या छटेतली छायाचित्रे होती. झिजलेल्या दगडावरचे अक्षर हा उजेड-सावलीचा अगदी नाजूक खेळ असतो. पार्श्वभूमीचा करडा आणि खाचेतला करडा यांत फरकच थोडा असतो. तो फरक काळ्या ठिपक्यांनी दाखवायचा तर ठिपक्यांचे गट करावे लागतात. ६०० डीपीआयवर आठ गुणिले आठ ठिपक्यांचे घर धरले तर त्यात शून्यापासून ६४ पर्यंत ठिपके काळे करून ६५ छटा मिळतात, पण मग इंचात घरे उरतात फक्त ७५. घर मोठे केले तर छटा वाढतात आणि तपशील हरवतो. लहान केले तर तपशील मिळतो आणि छटांच्या पायऱ्या दिसू लागतात. या ओढाताणीत कुठे थांबायचे, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठरवलेले असते.

त्याहूनही निर्णायक गोष्ट म्हणजे घरातले ठिपके कोणत्या क्रमाने भरायचे. एक पद्धत मध्यापासून सुरू करून ठिपक्याला ठिपका चिकटवत जाते. गट वाढतो तशी छटा गडद होते. दुसरी पद्धत ठिपके शक्य तितके विखरून टाकते. एका ठिपक्याला काळे किंवा पांढरे करताना झालेली चूक शेजाऱ्यांवर वाटून देणे, ही त्याच घराण्यातली. इंकजेट प्रिंटरवर विखुरलेली पद्धत सुंदर काम देते, कारण शाईचा एकेक थेंब खात्रीने उमटतो. लेझर यंत्रात एकटा ठिपका बेभरवशाचा असतो. ड्रमवर लेझरचा ठसा स्वतःच त्या ठिपक्याहून थोडा मोठा पडतो, एवढ्याशा विद्युतभारावर टोनरचे कण कधी धरतात, कधी धरत नाहीत, आणि कागदावर ते दाबले गेले की पसरतात. परिणामी विखुरलेल्या ठिपक्यांचे चित्र कुठे भकास तर कुठे काळवंडलेले, डागाळलेले दिसते. चिकटलेल्या गटांचे चित्र मात्र जाळी दिसली तरी एकसारखे आणि पुन्हा काढले तरी तसेच येते. इंकजेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला ड्रायव्हर लेझरवर लावला, किंवा साध्या ड्रायव्हरमध्ये ढोबळ विखुरलेली जाळी असली, की शिलालेखाचे अक्षर धुक्यात बुडते. त्या प्रबंधासाठी छायाचित्रे आधी गिम्प या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये थोडी उजळून घेतली, कारण लेझरवर मधल्या छटा नेहमीच अपेक्षेपेक्षा गडद येतात, आणि ती पाने पोस्टस्क्रिप्ट जाणणाऱ्या प्रिंटरवर काढली. त्यात शिलालेखाच्या ओळी वाचता येत होत्या, आणि माझ्या दृष्टीने प्रबंधातल्या छायाचित्राच्या दर्जाचा निकष तोच आहे.

पत्रिकांच्या कामात निराळाच घोळ होतो. गणपतीच्या चित्रामागे हलकी छाया द्यायची, नावांमागे अर्धपारदर्शक पट्टा टाकायचा, ही हल्लीची पद्धत. पारदर्शकता ही कल्पना पीडीएफमध्ये आहे, पोस्टस्क्रिप्टमध्ये नाही. त्यामुळे पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट करताना अशा पानाचे चित्रच करून पाठवावे लागते, आणि पॉपलरचे साधन काही वेगळे सांगितले नाही तर हे चित्र ३०० डीपीआयने करते. म्हणजे एका छायेपायी पानावरचा सगळा मजकूरही अक्षर न राहता चित्र होतो. बाराशे डीपीआयच्या प्रिंटरवर तो ३०० डीपीआयचा मजकूर पाहून ग्राहक प्रिंटरला दोष देतो. पान काढायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल आणि त्याच एका पानावरचे अक्षर जाडसर दिसत असेल, तर शंका पारदर्शकतेची घ्यावी. लिब्रेऑफिसच्या छपाईच्या पर्यायांत पारदर्शकता कमी करण्याची सोय आहे. नाहीतर छाया आधीच चित्रात पक्की करून घ्यावी आणि मजकूर तिच्यावर सुटा ठेवावा.

उद्यमनगरातून येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये अडचण बारीक रेषांची असते. ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये रेषेची जाडी शून्य ठेवलेली असेल तर पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ यांच्या नियमाने तिचा अर्थ 'हे यंत्र काढू शकेल तितकी बारीक' असा होतो. म्हणजे प्रिंटर जितका चांगला, तितकी रेषा नाजूक: ६०० डीपीआयवर ०.०४ मिलिमीटर, बाराशेवर त्याच्याही निम्मी. मापाच्या रेषा कागदावरून जवळजवळ नाहीशा होतात आणि लेथवर काम करणाऱ्या माणसाला माप वाचता येत नाही. शिवाय ठिपक्यांच्या जाळ्यात न बसणारी रेषा आली की काही रास्टर प्रोग्रॅम तिने स्पर्श केलेला प्रत्येक ठिपका काळा करतात, तर काही ज्याचा मध्य तिच्याखाली येतो तेवढाच करतात. दोन ड्रायव्हरांतून काढलेल्या एकाच ड्रॉइंगमध्ये एकीकडे रेषा जाड आणि दुसरीकडे काटकुळ्या दिसतात त्या यामुळे. यावर ड्रायव्हर बदलण्यापेक्षा मूळ ड्रॉइंगमध्येच रेषांना किमान ०.१८ मिलिमीटर जाडी देणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

कागदाचा आकार हा छोटा मुद्दा आहे, पण त्रास पुष्कळ देतो. काही रांगांमध्ये मूळ आकार अमेरिकन लेटर ठरलेला असतो. ए-फोर पान मग सुमारे सहा टक्क्यांनी आखडून छापले जाते. मजकुराला फारसे काही होत नाही, पण ज्या चित्रात आधीच जाळी आहे, म्हणजे स्कॅन केलेले जुने छापील पान, ते आखडले की त्यावर लाटांसारखी नक्षी उठते. नवी रांग बनवली की आधी ए-फोर निवडावे आणि 'पानात बसवा' हा पर्याय बंद करावा.

ड्रायव्हरचा संबंध कागदाच्या जातीशीही असतो, हे कमी लोकांना माहीत आहे. टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि जाड कागदासाठी तो जास्त तापवायचा किंवा कागद सावकाश न्यायचा, ही सूचना प्रिंटरला ड्रायव्हरकडून मिळते. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार निवडण्याची सोयच नसेल, तर वकिलांच्या हिरव्या लेजर पेपरवर किंवा बाँड पेपरवर काढलेला मजकूर नखाने खरवडला तर निघून येतो. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाल्यापासून अशा कामाचे महत्त्व आणखी वाढले आहे. न्यायालयात दाखल होणारे पान वर्षानुवर्षे टिकायला हवे. त्यामुळे मी वकिलांच्या कामासाठी प्रिंटर निवडताना वेगापेक्षा, लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये जाड कागदाचा पर्याय आहे का, हे आधी पाहतो.

अर्थात प्रत्येक दोष ड्रायव्हरचा नसतो. कोल्हापुरातल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात उघडे राहिलेले कागदाचे रीम ओल धरते आणि मग कोणत्याही प्रणालीवर छपाई फिकी, ठिपकेदार येते. पानावर उभा पट्टा सलग येत असेल, किंवा एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर तो ड्रमचा किंवा रोलरचा दोष. ते अंतर त्या रोलरच्या परिघाइतके असते. दोष फक्त चित्रांत किंवा फक्त अक्षरांत असेल, विशिष्ट फाइलपुरता असेल, किंवा प्रिंटरचे स्वतःचे चाचणी पान स्वच्छ येत असेल, तर तपास संगणकाकडे वळवावा. कप्सची तपशीलवार नोंद चालू केली की त्रुटींच्या नोंदवहीत कोणत्या गाळण्या, कोणत्या क्रमाने आणि किती डीपीआयने चालल्या, ते लिहिलेले सापडते. ती वाचायला किचकट आहे, पण तर्ककुतर्कांपेक्षा ती नेहमीच भरवशाची ठरते. टोनर वाचवण्याची कळ ड्रायव्हरमध्ये आधीपासूनच चालू नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

गेल्या दशकात चित्र बरेच बदलले. अॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले, २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले प्रमाण ठरले, आणि आता बहुतेक नवे नेटवर्क प्रिंटर वेगळा ड्रायव्हर न मागता लिनक्सशी बोलतात. यूएसबीने जोडलेल्या प्रिंटरांसाठीही तीच सोय डेबियनमध्ये २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून आली. कप्सच्या येऊ घातलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रिंटरच्या सोयींचे वर्णन करणाऱ्या जुन्या पीपीडी फायली आणि त्यांच्यावर उभे असलेले ड्रायव्हर काढून टाकायचे ठरले आहे. दर्जाच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा फायदा असा, की संगणक बहुधा प्रत्येक ठिपक्याला २५६ छटांपैकी एक देऊन करडे रास्टर पाठवतो आणि हाफटोनची जाळी प्रिंटर स्वतः लावतो, जी त्या यंत्रासाठी कंपनीनेच बेतलेली असते. उलट मार्गाने उलगडलेल्या ड्रायव्हरला जे कधीच मिळत नव्हते, ते इथे आपोआप मिळते. छायाचित्रे स्पष्टपणे सुधारतात.

मजकुराबाबत मात्र सावध राहावे लागते. प्रिंटर ३०० आणि ६०० अशी दोन्ही रेझोल्यूशन जाहीर करीत असेल, तर नेहमीच्या दर्जात त्यांतले लहान निवडले जाण्याचा संभव असतो, आणि मग नव्या कोऱ्या प्रिंटरवरची शिरोरेषा पुन्हा तीन ठिपक्यांवर येते. छपाईच्या खिडकीत दर्जा 'उच्च' करून रांगेसाठी तोच कायम ठेवला की हे टळते. याशिवाय कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असलेल्या घनता, जाळीची निवड, कड गुळगुळीत करणे यांसारख्या बारीक कळा या पद्धतीत बहुधा दिसत नाहीत. त्यांतल्या काही प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानावर, त्याचा नेटवर्क पत्ता ब्राउझरमध्ये टाकून, सापडतात. प्रिंटर थेट पीडीएफ स्वीकारत असेल तर तोही मार्ग करून पाहावा, कारण त्यात अक्षर शेवटपर्यंत अक्षरच राहते.

शाहूपुरीत प्रिंटर घ्यायला जाणारे परिचित मला डीपीआय आणि मिनिटाला किती पाने हे दोन आकडे विचारतात. मी त्यांना खोक्यावर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल ६, एअरप्रिंट किंवा मोप्रिया (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छपाईचे आणखी एक प्रमाण) यांपैकी काय लिहिले आहे ते पाहायला सांगतो. यांतले काहीच नसेल आणि फक्त विंडोजच्या आवृत्त्यांची यादी असेल, तर लिनक्ससाठी तो प्रिंटर स्वस्त असूनही घेऊ नये. आधीपासून असलेले जुने यंत्र मात्र टाकून देण्याचे कारण नाही. नुसता मजकूर काढायचा असेल तर फू-टू-झेडजेएस किंवा बीआर-लेझर आजही ६०० डीपीआयवर स्वच्छ काळे अक्षर देतात, आणि प्रश्नपत्रिकांसारख्या कामाला तेवढे पुरेसे असते.

ओपनप्रिंटिंगच्या कामात गूगलच्या उन्हाळी उपक्रमातून भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी चांगली भर घातली आहे. कोल्हापूर परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये काही कमी नाहीत, आणि देवनागरी छापताना कोणत्या गाळणीत काय बिघडते हे आपल्याइतके जवळून पाहणारे दुसरे कोण असणार? दोष कळवताना 'प्रिंट खराब येतो' एवढे लिहून भागत नाही. मूळ पीडीएफ, कप्सची नोंद, ड्रायव्हरचे नाव व आवृत्ती, आणि छापलेल्या पानाचा किमान १२०० डीपीआयने केलेला स्कॅन एवढे जोडले, तर दूरवर बसलेल्या आणि मराठी न वाचणाऱ्या माणसालाही शिरोरेषेतली फट दाखवता येते. त्यासाठी मी एक चाचणी पान करून ठेवले आहे: आठ, दहा आणि बारा पॉइंटमधला मराठी मजकूर शुद्ध काळ्या व गडद करड्या रंगात, शून्यापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या रेषा, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी छटांची पट्टी, शिलालेखाचे एक छायाचित्र आणि अर्धपारदर्शक पट्ट्याखालची एक ओळ. नवा प्रिंटर आला किंवा प्रणालीची आवृत्ती बदलली की हेच पान काढतो, मागे ड्रायव्हरचे नाव आणि तारीख लिहितो आणि फायलीत लावतो.